पंडिता रमाबाई : एका हट्टाची शरणागति



बार्शीटाकळीस बाजारच्या दिवशीं आम्ही कांहीं मंडळी एका लिंबाखालीं बसलों होतों. पिकें घरीं आलीं होतीं, म्हणून लोकांस थोडी उसंत होती. बोलतां बोलतां गोष्ट प्रार्थनेवर आली. तेव्हां एका वृद्ध शेतकरी भावानें विचारिलें कीं, देवा, मला वाट दाखीव, असें आपण रोज सकाळीं म्हणतों खरे. परंतु कोणत्या वाटेनें जावयाचें हें गुडघे टेंकण्यापूर्वींच आपलें ठरलेलें असतें. धाकट्या भावाशीं धुऱ्याचा तंटा आहे. मला क्षमा कर, असें आपण देवास म्हणतों. पण त्या भावास क्षमा करावयाची नाहीं, हेंही ठरलेलेंच असतें. अशा आडमुठ्या माणसाची प्रार्थना देव ऐकतो काय? प्रश्न ऐकून बैठकींतील उपदेशकानें मान खालीं घातली. खरें सांगावयाचें तर आम्हांसही लागलीच उत्तर सुचलें नाहीं; कारण तो प्रश्न आमच्याही घरचाच होता.

अकोल्याच्या वाटेस लागल्यावर आमच्या मनांत पंडिता रमाबाईंचें चरित्र घोळूं लागलें. रमाबाईंची विद्वत्ता, केडगांवचें मुक्तिसदन, पोरक्या मुलींवरील त्यांची माया, हें सर्व आपण पुष्कळदां ऐकलें आहे. परंतु ही थोर बाई स्वभावानें किती हट्टी होती, आणि त्या हट्टाला देवानें किती धीरानें वळण लाविलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. म्हातारबाबांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच सांपडलें. म्हणून आज त्यांची हकीकत त्याच अंगानें सांगण्याचें योजिलें आहे.

हट्ट हा रमाबाईंस वारशानें मिळाला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांस देवभाषा शिकवूं नये, असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबोवांनीं तो मानिला नाहीं. आपली अल्पवयी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. लोक चवताळले, व शास्त्रीबोवांस पंडितांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला. तेथें शास्त्राधार दाखवून त्यांनीं आपली बाजू राखली, आणि सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें बिऱ्हाड केलें. तेथेंच २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. त्या अवघ्या कांहीं महिन्यांच्या असतांना हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तें पुन्हां कोठें कायमचें राहिलें नाहीं. तान्ह्या लेकीला वेताच्या पेटींत घालून डोंगर उतरविलें. देवळांत पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, व पुढील क्षेत्रास जावें, असा त्यांचा क्रम असे. आई भल्या पहाटे मुलीला उठवून श्लोक म्हणून घेई. अशा रीतीनें भागवतासारखा अफाट ग्रंथ रमाबाईंस लहानपणींच मुखोद्गत झाला.

बायकोमुलीस विद्या देण्याचा शास्त्रीबोवांचा तो हट्ट चांगला होता, असेंच आपण म्हणूं. परंतु त्याच घरांत आणखी एक हट्ट नांदत होता, आणि तो मात्र घातक ठरला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. घरांतील पैसा आधींच दानधर्मांत व व्रतवैकल्यांत गेला होता. दागिने गेले, भांडीं गेलीं, शेवटीं चांगले कपडेही गेले. तरी विद्वान ब्राह्मणानें अंगमेहनत करणें हलकें, व लोकांपुढें हात पसरणें लाजिरवाणें, ह्या समजुतीनें सर्वजण उपाशी राहिले. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल, ह्या आशेवर जपतप चालूच होतें. रानांतील पाला खाण्याची पाळी आली. अखेरीस वडिलांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. तेव्हां मुलगा श्रीनिवास यानें अभिमान गिळला, व मजुरी करून मी सर्वांस पोशीन, असें वडिलांस सांगितलें. पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता. थोड्याच महिन्यांच्या आंत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंही गेलीं. आईच्या प्रेतास खांदा देण्यास दोनच ब्राह्मण पुढें आले. तिसरा खांदा श्रीनिवासाचा, व चौथ्या ठिकाणीं सोळा वर्षांची रमा उभी राहिली. ती ठेंगणी होती, म्हणून तिनें तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला.

पुढें उतारवयांत आपली हकीकत लिहितांना रमाबाईंनीं ह्या दुष्काळाची गोष्ट लपविली नाहीं. आपल्या कुटुंबाच्या नाशास दुष्काळाइतकाच आपला जातीचा व विद्येचा अभिमान कारण झाला, हें त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें आहे. वाचकहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. घरचा दोष उघड्यावर मांडणें फार कठीण असतें. आणि मेलेल्या आईबापांचा दोष मांडणें तर त्याहून कठीण असतें. ज्याला आपला व आपल्या घरचा हट्ट नांव घेऊन सांगतां येतो, त्याच्या सुटकेस आरंभ झाला असें समजावें.

मागें राहिलेलीं तीं दोघें भावंडें पुढेंही कित्येक वर्षें पायीं भटकत राहिलीं. सारें मिळून चार हजार मैलांवर त्यांची चाल झाली. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी असह्य होई, तेव्हां वाळूंत खड्डे करून तीं त्यांत निजत. एकेका तीर्थाचें फळ मिळेना, एकेका व्रताचा उपयोग होईना, तसतशी त्यांची जुनी श्रद्धा ढांसळत गेली. १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास आलीं. तेथील पंडितांनीं ह्या तरुण मुलीची परीक्षा घेतली, व तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. काल अन्नास महाग असलेली रमा आज सभा गाजवूं लागली. परंतु सुख टिकलें नाहीं. १८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं सरकारी कायद्याप्रमाणें लग्न केलें. नवरा जातीनें ब्राह्मण नव्हता, म्हणून लोकांनीं मोठा गहजब केला. पण बाई डगमगल्या नाहींत. आसामांत सिलचर येथें त्यांचा संसार झाला. तेथेंच नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या आजारानें पति वारले. पदरांत दहा महिन्यांची लेक घेऊन तेविसाव्या वर्षीं बाई विधवा झाल्या.

पुण्यास आल्यावर त्यांनीं त्याच वर्षीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि इंग्रजी शिकण्यास व शुभवर्तमान समजून घेण्यास आरंभ केला. वैद्यकी शिकून आपल्या भगिनींची सेवा करावी, ह्या इच्छेनें त्यांनीं विलायतेस जाण्याचें मनांत घेतलें. पुष्कळांनीं नको म्हटलें. बाईंनीं स्त्रीधर्मनीति नांवाचें पुस्तक लिहून वाटखर्चास पैसे उभे केले, आणि १८८३ सालीं लेकीस घेऊन जहाजांत पाय ठेविला. ख्रिस्ती मात्र व्हावयाचें नाहीं, असा निश्चय त्यांनीं निघतांना मनाशीं बांधला होता. परंतु लंडनमध्यें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेनें सेवा करितात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. आणि त्या मायेचें मूळ शोधतां शोधतां त्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीपर्यंत येऊन पोंचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. जो निश्चय बाईंनीं स्वतःच्या बळावर केला होता, तो देवानें असा हळूच सोडविला.

आतां कोणी म्हणेल कीं, बाप्तिस्मा झाला, हट्ट संपला. तसें झालें नाहीं. आणि हाच आमच्या म्हातारबाबांच्या कामाचा भाग आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें माणसाचा स्वभाव एका दिवसांत धुऊन निघत नाहीं. वाँटेजच्या मठांत सिस्टर जेराल्डीन ह्या बाई रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. त्या दोघींचा एकमेकींवर लोभ होता, आणि दोघींचीं भांडणेंही तितकींच होतीं. मंडळीनें घालून दिलेले सिद्धांत रमाबाई विचार केल्यावांचून स्वीकारीनात. त्रैक्याविषयीं त्यांनीं प्रश्न विचारले. बिशपांच्या हुकुमाविषयीं प्रश्न विचारले. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असेंही विचारलें. मांस तर त्यांनीं जन्मभर खाल्लें नाहीं. सिस्टर जेराल्डीन ह्यांस हा सारा गर्व व आडमुठेपणा वाटे. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें मी मान काढिली आहे. आतां दुसऱ्या वर्गाच्या जोखडांत ती घालणार नाहीं. दोघींचीं पत्रें पुढें १९७७ सालीं ग्रंथरूपानें छापून निघालीं. तीं वाचतांना कोण बरोबर व कोण चूक, हें ठरविणें कठीण जातें. आम्हांस तर वाटतें कीं, दोघीही थोड्या बरोबर होत्या. बाईंच्या हट्टांत सत्याची ओढ होती, आणि थोडा अहंकारही होता. माणसाच्या मनांत हीं दोन्हीं गव्हांत ओंब्या व निदणांत गवत मिसळावें तशीं एकत्र वाढतात. तीं निवडणें देवाचेंच काम आहे. एवढें खरें कीं, इतका वाद होऊनही त्यांनीं एकमेकींशीं पत्रव्यवहार तोडिला नाहीं. आपल्या मंडळ्यांतून एवढ्यातेवढ्यावरून अबोला धरणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. येथेंही बाईंची ठरविलेली वाट देवानें बंद केली. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हां आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्याचा समारंभ त्यांनीं डोळे भरून पाहिला. पुढें हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि बॉस्टन शहरांत त्यांच्या साह्यार्थ १८८७ मध्यें एक मंडळी उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन उघडलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. गोदूबाई जोशी ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला. सदनांत कोणाच्याही धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं, असें वचन होतें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे पुढारी सल्लागार होते. बाहेरून पाहतां सर्व कांहीं उत्तम चाललें होतें.

परंतु बाईंच्या अंतःकरणांत शांति नव्हती. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हातीं विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त आलें. हा मनुष्य पुष्कळ वर्षें पाळकाचें काम करीत असूनही त्यास स्वतःला तारणाचा अनुभव नव्हता, व एके दिवशीं उपदेश करीत असतांनाच तो अनुभव त्यास आला, अशी त्यांत हकीकत होती. ती वाचून बाईंनीं आपलें मन पारखून पाहिलें. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाहीं, हें त्यांस दिसून आलें. आठ वर्षें त्या वाद करीत होत्या, वाचीत होत्या, काम करीत होत्या. परंतु रिकाम्या हातानें, पापी म्हणून, क्षमेसाठीं देवापुढें उभें राहणें त्यांनीं कधीं केलें नव्हतें. विद्या हाच त्यांचा शेवटचा अभिमान होता. बापाच्या घरीं मजुरी करूं न देणारा तो जुना अभिमान हाच. दुष्काळांत त्यानें देह उपाशी ठेविला, आणि बाप्तिस्म्यानंतर आत्मा उपाशी ठेविला. त्या दिवसांत बाईंनीं गुडघे टेंकले, आपली पुण्याई, आपली बुद्धि व आपली मर्जी हीं सर्व खालीं ठेविलीं, आणि लेंकरासारखी क्षमा मागितली. ही त्यांची खरी शरणागति होय.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. शरण आल्यावर बाई मऊ मेणासारख्या झाल्या, जो कोणी सांगेल तें ऐकूं लागल्या, असें झालें नाहीं. उलट दोनच वर्षांत त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा सामना झाला. रोज पहाटे त्या मनोरमेस घेऊन आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. सदनांतील कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. त्यावरून पुण्यांत वादळ उठलें. वर्तमानपत्रांतून कठोर टीका झाली. दिलेलें वचन मोडलें, असा आरोप आला. टीकाकारांच्या मनांतील भीति अगदींच खोटी होती, असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या विश्वासावर सोंपविलेल्या मुलींच्या आईबापांस काळजी वाटणें साहजिक होतें. बाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणासही बोलाविलें नाहीं. पण माझ्या घरांत प्रार्थना करितांना दार लावून घेण्याचें वचनही मी दिलेलें नाहीं. १८९३ मध्यें सल्लागार मंडळ राजीनामा देऊन मोकळें झालें. कित्येक मुलींस त्यांच्या पालकांनीं काढून नेलें. बाईंनीं दार मात्र लावलें नाहीं.

मग हा हट्टच नव्हे काय? आम्हीं ह्याचा पुष्कळ विचार केला. वाँटेजच्या वादांत बाई स्वतःच्या मतासाठीं झगडत होत्या. पुण्याच्या वादांत त्यांनीं मान, मित्र व पैशाचा आधार, हें सर्व गमावण्याची तयारी ठेविली, आणि कोणासही उलट शिव्याशाप दिले नाहींत. हट्ट व निष्ठा हीं दोन्हीं बाहेरून सारखींच दिसतात. दोन्हींमध्यें मान ताठ असते. परंतु हट्टी माणूस देवापुढेंही ताठ असतो. निष्ठावान माणूस आधीं देवापुढें वांकलेला असतो, म्हणून मनुष्यांपुढें त्यास निर्भयपणें उभें राहतां येतें. ज्या गोष्टीसाठीं आपण झगडतों, ती देवानें उद्यां मागितली तर देण्यास आपण तयार आहों काय, हा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. म्हणजे आपला झगडा कोणत्या जातीचा आहे, तें लागलीच कळून येतें.

ह्यानंतरच्या बाईंच्या आयुष्यांत त्यांचा बेत कमी व देवाचा बेत अधिक दिसतो. लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळा भरे. तेथें एकदां त्या आपल्या १५ विश्वासू मुलींस घेऊन गेल्या होत्या. पहाटे झाडांखालीं प्रार्थना करितांना त्यांस अशी प्रेरणा झाली कीं, १५ च्या पंधरापट, म्हणजे २२५ लेकी देवाजवळ मागाव्या. शारदासदनांत तितक्यांस जागाही नव्हती, व तितका पैसाही नव्हता. बाईंनीं मागणें मागितलें, आणि कसें व कोठून हें देवावर सोंपविलें. त्यानंतर १८९६ व ९७ सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत लोक किड्यामुंग्यांसारखे मरूं लागले. ती बातमी ऐकतांच बाईंस आपला स्वतःचा दुष्काळ आठवला. आई आठवली, डोक्यावरील तिरडी आठवली. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, दुष्काळी छावण्यांतून हिंडल्या, आणि शेंकडों पोरक्या व विधवा मुलींस घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचा अंमल असल्यामुळें इतक्या मुली शहरांत ठेवितां येईनात. केडगांवजवळ बाईंनीं आधींच जमीन घेऊन ठेविली होती, ती कामीं आली. तेथें प्रथम झोंपड्या उठल्या, मग घरें उठलीं, आणि त्या वसतीस मुक्ति असें नांव पडलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तर तेथील माणसांची गणती हजारांवर गेली.

आपल्या वऱ्हाडाशींही ह्या कार्याचा धागा जोडलेला आहे. अकोल्यास राहून सेवा केलेल्या जेनी फुलर ह्या मिशनरी बाईंनीं हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयीं इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. तें १९०० सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यास प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्याच सालच्या दुष्काळानें वऱ्हाडही होरपळून निघालें. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत आजही अशीं घरें आहेत कीं, ज्यांच्या पणज्या व खापरपणज्या अशाच कोण्या दुष्काळांतून वांचून आल्या.

मुक्तींत मुली दळीत, विणीत, शेत करीत, छापखाना चालवीत व शिकत. ज्या घरांत अंगमेहनत हलकी मानून माणसें उपाशी मेलीं, त्याच घरच्या लेकीनें शेंकडों मुलींस हातानें काम करण्यांतील मान शिकविला. पश्चात्ताप म्हणतात तो हाच. नुसतें रडणें म्हणजे पश्चात्ताप नव्हे. जेथें वाट चुकली तेथें परत येऊन दुसऱ्या वाटेनें चालूं लागणें, म्हणजे पश्चात्ताप.

तरी बाईंस एक खंत होती. मुलींस अन्न व विद्या मिळाली, पण त्यांचीं मनें बदललीं काय? १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं मुलींपुढें ही गोष्ट ठेविली, आणि रोज प्रार्थनेस जमण्याचें सांगितलें. आरंभीं सुमारें ७० जणी आल्या. पुढें ती संख्या ५५० पर्यंत गेली. जूनच्या अखेरीस एकदम पालट झाला. मुली रडूं लागल्या, आपलीं पापें कबूल करूं लागल्या, व क्षमा मागूं लागल्या. ह्या जागृतीची बातमी देशभर पसरली. कित्येकांस ती फार आवडली, कित्येकांस तिच्यांतील आरडाओरड खटकली. आम्हांस तिच्यांतील एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाईंनीं कोणावर जबरदस्ती केली नाहीं. स्वतःच्या हट्टी मनास वळावयास किती वर्षें लागलीं, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून दुसऱ्यांच्या हट्टापुढें त्यांनीं छडी घेतली नाहीं, गुडघे टेंकले.

शेवटचीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिलीं. खेड्यांतील साध्या बाईसही समजेल अशी मराठी त्यांस हवी होती. त्यासाठीं उतारवयांत त्यांनीं ग्रीक व इब्री ह्या भाषा शिकून घेतल्या. एके काळीं विद्या हा ज्यांचा अभिमान होता, त्याच आतां संस्कृत शब्द गाळून गांवढळ बायांच्या तोंडचे शब्द वेंचीत बसल्या. खिळे जुळविणें, छापणें, पुस्तक बांधणें, हीं सर्व कामें मुक्तींतील मुलीच करीत. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. परंतु खरी परीक्षा अजून राहिली होती. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. आपल्यामागें हीच कार्य चालवील, अशी आईची आशा होती. तीही ठरविलेली वाट बंद झाली. बाई कोलमडल्या नाहींत. दुःख पोटांत घालून त्या भाषांतराच्या कामास पुन्हां लागल्या, आणि तें काम संपत येतांच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण शास्त्र त्यांच्या मागें १९२४ मध्यें छापून बाहेर पडलें. केडगांवचें मुक्तिकार्य आजही चालूं आहे.

आतां बार्शीटाकळीच्या लिंबाखालीं परत येऊं. अशा आडमुठ्या माणसाची प्रार्थना देव ऐकतो काय? रमाबाईंच्या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, तो ऐकतो. परंतु आपण मागतों त्या क्रमानें उत्तर देत नाहीं. आपण आधीं वाट मागतों. तो आधीं आपलें मन मागतो. रमाबाईंनीं वैद्यकी मागितली, ती मिळाली नाहीं. ज्या घराण्यानें एका दुष्काळांत आपलीं माणसें गमाविलीं, त्यालाच देवानें दुसऱ्या दुष्काळांत शेंकडों लेकी दिल्या. हट्ट आहे म्हणून प्रार्थना बंद करूं नये. ताठ मानेनें का होईना, पण रोज त्याच्यापुढें जावें. जाणें चालूं राहिलें, तर एक दिवस मान वांकते. पाथरवट दगड एका घावांत फोडीत नाहीं, आणि देव तर पाथरवटाहून अधिक धीराचा आहे.

म्हातारबाबांस आमचें एवढेंच सांगणें आहे. धुऱ्याचा तंटा न्यायाचा असेल, अगर नसेल. तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु उद्यां प्रार्थनेस बसाल तेव्हां तो धुरा देवापुढें मोकळा ठेवा. मग तो राखावा अशी प्रेरणा झाली, तर रागावांचून राखा. सोडावा अशी झाली, तर सोडा. आणि दोन्हीं प्रकारें भावाच्या घरीं एकदां पाणी पिऊन या.

हे कृपाळु पित्या, आम्ही तुझ्याकडे वाट मागतों, आणि आमच्याच वाटेनें चालतों. आम्ही क्षमा मागतों, आणि दुसऱ्याचें देणें मनांत जपून ठेवितों. आमचा हट्ट तुला ठाऊक आहे. तरी तूं आम्हांस सोडिलें नाहींस. जो हट्ट तुझ्या सत्यासाठीं असेल, त्याची निष्ठा कर. आणि जो आमच्या अभिमानासाठीं असेल, तो मोड. आमची ठरविलेली वाट तूं बंद करिशील, तेव्हां आम्हांस कुरकुर करूं देऊं नको. तुझी वाट कोठें उघडली आहे, तें पाहण्यास डोळे दे. आमेन.